कोपराच्या आत, की बाहेर?

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं त्या दिवशी पेपर वाचायची गरज पडत नाही. लातूरकरांना हे समजावून सांगायला नको. पाणी आठ-दहा दिवसांनी येणार, किती वाजता येणार ते सोडणाऱ्याला ठाऊक, मग सगळ्या जणी आपापल्या कंपाउंडच्या भिंतीशी पाईप धरून उभ्या. भिंत कमरेएवढी. तिच्यावर कोपर टेकवलं की हौद भरेस्तोवर औसा रोडपासून गंजगोलाईपर्यंतचा सगळा कारभार कानावर येतो. परवाच्या पाण्याला विषय होता समोरच्या वहिनींच्या धाकट्याचा दंड.

धाकटा बारावी करून भरतीच्या अकॅडमीत जातो. लातूरचं नाव डॉक्टर-इंजिनिअरांच्या क्लासमुळं गाजलं असलं, तरी पहाटे काळोखात रस्त्यावर पळणारी ही भरतीवाली पोरंही इथं काही कमी नाहीत. सोळाशे मीटर किती मिनिटांत पळाला, सकाळी किती अंडी खाल्ली, हे वहिनी आम्हाला दर पाण्याला सांगतात. तर झालं असं, की छाती मोजायला सरांनी शर्ट काढायला लावला आणि उजव्या दंडावर टॅटू निघाला. इंग्रजी एस, वर मुकुट, खाली दोन पंख. सरांनी तिथूनच घरी फोन लावला.

"मी मनलं, हे काय रे? तर मला मनतंय, मम्मी, एस मनजे तूच की! तुझंच नाव काढलंय." वहिनींचं नाव एसवरूनच आहे, हे खरं. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. "बापाची भीती वाटली मनून बोललं न्हाई मनला. लेकरू किती लळ्याचं बगा."

आम्ही दोघी-तिघी "खरंच की गं" म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून मावशी बोलल्या. मावशी पंच्याहत्तरीच्या पुढच्या, मूळच्या निलंग्याकडच्या खेड्यातल्या. सुपात जोंधळे निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "मायचं नाव हाय तर बाहीखाली कामून लपवलंय गं? मायचं नाव गोंदल्याला माणूस हात पुढं करून दावतो. झाकायचं नाव येगळं असतंय."

मोटारीचा आवाज तेवढा राहिला. वहिनींच्या हातातला पाईप हौदाबाहेर वाहत होता, ते बराच वेळ कुणी सांगितलं नाही.

एस कोण, ते मला माहीत आहे. क्लासला येते, बार्शी रोडकडं राहते, पोरगी चांगली आहे. याहून जास्त मी इथं लिहिणार नाही. पण मावशींनी जे हेरलं ते माझ्या डोक्यातून जाईना. आपण सगळे टॅटूत काय काढलंय तेच बघत बसतो. मावशींनी आधी जागा बघितली. ज्यानं त्यानं कुणाला दाखवायचं आणि कुणापासून लपवायचं, ते त्या जागेवरून कळतं. त्या दिवसापासून मला सवयच लागली आहे. टॅटू दिसला की मनात येतं, हा शर्टाच्या कॉलरखाली का, हा मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याआड का, हा मानेमागं केसांखाली का. बघा एकदा. नव्वद टक्के वेळा उत्तर "घरचे" असं येतं.

आता यातला खरा विनोद पुढं आहे. कोपऱ्यावरच्या घरात मेजर राहतात. आमच्याकडं फौजेतून परत आलेला कुठलाही माणूस मेजरच असतो. कागदावर ते हवालदार होते. मेजर स्कूटर पुसता पुसता सगळं ऐकत होते. ते भिंतीपाशी आले.

"वहिनी, नाव कुनाचं हाय ते राहू द्या बाजूला. जागा चुकली की हो पोराची!"

मग त्यांनी आपला हात भिंतीवर ठेवला आणि नकाशा दाखवावा तसा नियम दाखवला. लष्करात टॅटू चालतो, पण दोनच ठिकाणी. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, म्हणजे हात उताणा केला की दिसतो तो भाग. आणि तळहाताची मागची बाजू. बस. दंड नाही, खांदा नाही, छाती नाही, पाठ नाही, मान नाही. कातडीवर कायमचं काही काढलेलं बाकी कुठं दिसलं की वैद्यकीय तपासणीत बाद. किनवटकडच्या एखाद्या गोंड किंवा कोलाम पोराच्या अंगावर जमातीच्या रिवाजाचं गोंदण असेल, तर त्याचा वेगळा विचार होतो. आपल्या मुकुट-पंखांचा होत नाही. बीएसएफ, सीआरपीएफ या दलांचं तर आणखी बारीक. तिथं कोपराखालच्या आतल्या भागावर चालतं, पण फक्त डाव्या हाताला. का? तर सलाम उजव्या हातानं ठोकायचा असतो. आकारही त्या भागाच्या पाव हिश्श्याहून लहान हवा, आणि असावं काय, तर देवाधर्माचं चिन्ह नाहीतर नाव.

"मंग दंडानं काय घोडं मारलंय?" वहिनी रडकुंडीला आल्या होत्या.

"ते मला इचारू नका. फौजेत कारण इचारायचं नसतंय."

म्हणजे बघा. पोरानं बापाला दिसू नये म्हणून बाहीखालची जागा शोधून काढली. आणि नेमकी तीच जागा सरकारला चालत नाही. हातावर उघडं, चारचौघांत, आईबापाच्या नाकासमोर काढलं असतं तर दोन चापट्या बसल्या असत्या आणि भरती झाली असती. मावशी आणि भारतीय लष्कर यांचं या एका बाबतीत अगदी एकमत आहे: गोंदायचं तर उघड्यावर.

मावशींचं स्वतःचं गोंदण मी इतकी वर्षं रोज बघते, पण नीट विचारलं त्या दिवशीच. कपाळावर दोन भुवयांच्या मधे बारीक कोर आणि तिच्याखाली टिंब. हनुवटीवर एक टिंब. डाव्या हातावर आतल्या बाजूनं तुळशीवृंदावन, त्याच्या खाली सीतेची पावलं. मनगटाजवळ फुल्यांची ओळ. आणि उजव्या हातावर नवऱ्याचं नाव. सगळं आता हिरवट निळं पडलंय, कडा पसरल्यात, तुळशीच्या फांद्या सुरकुत्यांत शिरल्यात.

"सुगी झाली की गोंदणारीण यायची," मावशी सांगत होत्या. "तीन-चार सुया दोऱ्यानं बांधल्याल्या. दिव्याची काजळी धरायची, तिच्यात झाडपाल्याचा रस कालवायचा. त्यात बुडवून टोचायचं. म्या सात-आठ वर्साची. माय पाय धरायची, चुलती डोस्कं धरायची. वरडलं की गोंदणारीण मनायची, रडू नकू, चांगला नवरा भेटंल. वरून हळद लावायची. हात सुजायचा, ताप भरायचा. तिला पायलीभर जोंधळे न्हाईतर जुनं लुगडं."

"पण का, मावशी? कशासाठी?"

या प्रश्नाला त्यांनी पाच उत्तरं दिली आणि पाचही वेगवेगळी. दृष्ट लागत नाही. गोंदलं नाही तर सासरी हातचं पाणी घेत नव्हते. मेल्यावर यमदूत विचारतात, काय आणलंस म्हणून. सोनं-नाणं इथंच राहतं, हे एकटं सरणावर संग येतं. जत्रेत पोरगी हरवली तर सापडावी. आणि पाचवं, जरा थांबून: "समद्यांचं व्हतं मनून."

मला हे पाचवं सगळ्यात खरं वाटतं. हल्ली मासिकांत, प्रदर्शनांत गोंदणाचं फार कौतुक चालतं. आमच्या आज्यांची कला, स्त्रियांची स्वतःची लिपी वगैरे. नक्षी सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण तुळस काढायची की विंचू, कपाळावर की हनुवटीवर, यातलं त्या सात वर्षांच्या पोरीला कुणी काही विचारलं होतं का? पाय धरून बसवलेलं लेकरू ते. मावशींच्या अंगावर सासरची, माहेरची, जातीची, देवाची खूण आधी पडली, आवडनिवड नंतर. वहिनींच्या धाकट्यानं निदान स्वतःच्या मनानं मूर्खपणा केला.

नवऱ्याच्या नावाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. मावशींच्या पिढीत नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नव्हतं, घेतलंच तर उखाण्यात. तेच नाव लग्नानंतर पहिल्या जत्रेत हातावर कायमचं टोचून घेतलं, आणि ते वाचायची सोय नव्हती, कारण शाळेचं तोंड बघितलेलं नाही. म्हणजे बोलायचं नाही, वाचता येत नाही, पण अंगावर आहे. पुढं बऱ्याच वर्षांनी गावात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. मावशी कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवायला बसल्या आणि एके रात्री स्वतःच्याच हातावर नजर गेली.

"लावून लावून वाचलं. तर मेल्यानं एक अक्षरच खाल्लंय! चाळीस वर्सं भलत्याच बाप्याचं नाव घेऊन हिंडले बग."

सगळी गल्ली हसली. मावशीही हसल्या. मग जोंधळ्यातला खडा फेकत म्हणाल्या, "ते गेले तवा डोरलं तोडलं, जोडवी काढली, कुक्कू पुसलं. हे कुनाला पुसता आलं न्हाई."

इथं मास्तरीणबाई, ज्या एवढा वेळ गप्प होत्या, त्यांनी घसा खाकरला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. कपाळावर जुन्या रुपयाएवढं कुंकू. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कुंकू तेवढंच. त्यामुळं बाईंचा गावात दबदबा: विधवेनं कुंकू लावायचं म्हणजे मोठी सुधारक बाई. हळदीकुंकवाला विधवांना बोलवा असं सांगायला महिला मंडळं त्यांनाच भाषणाला नेतात. आणि त्या बोलतातही छान.

"आता पाण्याच्या साक्षीनं सांगते," बाई म्हणाल्या. "डी.एड.ला होस्टेलवर गेले तेव्हा शहरातल्या पोरी माझ्या कपाळाकडं बघून हसायच्या. गोंदणवाली, गोंदणवाली. मग मी त्याच्यावर बसेल एवढं कुंकू लावायला लागले. हे गेले तेव्हा कुंकू पुसलं असतं तर खालचं दिसलं असतं. तेवढ्यासाठी ठेवलं. लोकांनी सुधारक केलं, मी नाही म्हटलं नाही."

हे त्यांनी मला लिहायची परवानगी दिली आहे, नाहीतर मी लिहिलं नसतं. आणि परवानगी देताना म्हणाल्या, "पण भाषणात बोलले ते खरंच मनापासून होतं बरं का."

बाईंच्या वयाच्या पुष्कळ बायकांची हीच कथा आहे. ज्या कपाळावरच्या कोरीमुळं आईला सासरी मान होता, त्याच कोरीमुळं मुलीला शहरात खाली बघावं लागलं. मग कुणी कुंकू मोठं केलं, कुणी मोठी टिकली लावली, कुणी केस कपाळावर ओढले. चेहऱ्यावरचं गोंदण सगळ्यांत आधी बंद पडलं; हातावरचं जत्रेत टिकलं, कारण हाताला पदर असतो, बाही असते.

मधेच भाजीवाली आली. तांड्यावरची, लमाण समाजाची. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. तिला विचारलं, तर ती म्हणाली, आमच्यात जुन्या बायांच्या अंगावर असायचंच, पोरी आता नको म्हणतात. तिच्या स्वतःच्या पोरीनं पुण्यात मनगटावर फुलपाखरू काढलंय. "पैसे देऊन काढलंय माय, ढाई हजार!" एवढं बोलून तिनं मेथीची जुडी भिंतीवर आपटली. कशाचा जास्त राग आला होता, फुलपाखराचा की पैशांचा, ते कळलं नाही.

पुढं जत्रेत यंत्रावर गोंदतात, ती गोष्ट निघाली तेव्हा मेजरांनी हात पुढं केला. त्यांच्या हातावर "ॐ" आहे, सिद्धेश्वराच्या यात्रेत काढलेला. महाशिवरात्रीला लातूरच्या यात्रेत पाळणे, रेवड्या, भांडी, आणि त्यांच्या मधे बॅटरीवरचं यंत्र घेऊन बसलेला गोंदणारा. तशीच दुकानं माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. त्या यंत्राचं मूळ थेट न्यूयॉर्कला जातं. एडिसननं कागदाला बारीक भोकं पाडून नकला काढायला विजेवरची लेखणी केली होती. तिच्यावरून सॅम्युअल ओरायली नावाच्या माणसानं १८९१ साली टॅटूच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तेव्हापासून सुई मिनिटाला शेकड्यांनी टोचायला लागली आणि आईला पाय धरायची गरज उरली नाही.

जत्रेतला टॅटू कोपराखालीच का असतो, याचं मेजरांचं उत्तर मला फार पटलं. "स्टुलावर बसायचं, बाही सारायची, हात फळीवर ठेवायचा. एवढ्या गर्दीत शर्ट कोन काढतंय?" निम्म्या मराठवाड्याच्या हातावर "आई", "ॐ", बाण घुसलेलं काळीज किंवा भावाचं नाव आहे, त्यामागं हे फळीचं कारण आहे. आता शहरात दुकानं झाली. एसी, पडदा, झोपायला पलंग. आडोसा मिळाला आणि टॅटू पाठीवर, बरगडीवर, मांडीवर गेला.

दवाखान्यात नोकरी करणाऱ्या सिस्टर तेव्हा ड्यूटीवरून येत होत्या. त्यांना पाहून वहिनींनी पहिला प्रश्न टाकला: "सिस्टर, हे निघतंय का हो?"

निघतं, पण घासून धुतल्यासारखं नाही. सिस्टरांनी गेटमधे उभ्या उभ्या सांगितलं ते असं. शाई कातडीच्या वरच्या थरात राहिली असती तर महिन्याभरात सालपटाबरोबर गेली असती. सुई ती खालच्या थरात सोडते. तिथं शरीरातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, परकी वस्तू म्हणून शाई गिळतात, आणि ती पचत नाही म्हणून पोटात घेऊन तिथंच बसतात. ती पेशी मेली की शाई सांडते, आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर हे दाखवलं. मावशींच्या हातावरची काजळी हिरवी-निळी दिसते, तीही शाई खालच्या थरात असल्यामुळंच. काळा रंग कातडीच्या आड खोल गेला की वरून निळसर भासतो. लेझरनं काय होतं, तर शाईचे कण फुटून बारीक होतात आणि हळूहळू शरीर ते वाहून नेतं. एका वेळेला थोडंच. दोन खेपांच्या मधे सहा-आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि अशा कितीतरी खेपा. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर हटतो. हिरवा, पिवळा चिवट.

"त्याच्या पंखांत हिरवं हाय हो," वहिनी म्हणाल्या.

सिस्टरांनी जाता जाता आणखी एक सांगितलं, ते सगळ्यांच्या कामाचं आहे. टॅटू काढला की वर्षभर रक्तदान करता येत नाही. सुई एकाची दुसऱ्याला वापरली तर कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, सगळ्याची भीती. म्हणून पाकीट आपल्यासमोर फोडायला लावायचं, आणि शाईसुद्धा नव्या टोपणात ओतलेली हवी. जत्रेत एका सुईवर रांग लावणाऱ्यांनी हे ऐकावं. मावशींच्या त्या दोऱ्यानं बांधलेल्या सुयांतून किती पोरींना काय काय झालं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मग विषय देवांवर आला आणि भिंत तापली. मास्तरीणबाईंच्या पुण्यातल्या भाच्यानं पोटरीवर महादेव काढलाय. "पायाला देव?" मावशींनी सूप खाली ठेवलं. "पाय लागला तर पाया पडायचं असतंय, आन हा देवालाच पायावर घेऊन हिंडतोय?" बाईंनी सांगायचा प्रयत्न केला, की भाचा म्हणतो देव सगळ्या अंगात असतो. मावशींना ते पटलं नाही. बेंगळूरूला २०१५ साली यावरूनच मोठा बखेडा झाला होता. एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या नडगीवर यल्लम्मा देवी होती. यल्लम्मा म्हणजे आपल्या माहूरच्या रेणुकेचंच रूप. हॉटेलात त्याला लोकांनी घेरलं, कातडी सोलून काढू म्हणून दमदाटी केली, आणि पोलीस ठाण्यात शेवटी त्यालाच माफीपत्र लिहून द्यावं लागलं. त्याच्या पाठीवर गणपतीही होता. पण वाद पेटला तो नडगीवरून. त्या पोरानं भक्तीनंच काढली होती म्हणे. त्याला धमकावणं मला मुळीच मान्य नाही. पण कंबरेखालचा आणि वरचा हा हिशेब आपल्याकडं किती खोल आहे, ते यावरून कळतं. मावशींच्या अंगावर पायाला फक्त टिंबं आणि फुल्या आहेत, देव सगळे हाताला.

तरण्या पोरांच्या हातावर आता महाराजांची राजमुद्रा असते, बाबासाहेबांची सही असते, त्रिशूळ-डमरू असतो. सगळं बाहेरच्या बाजूला, गाडी चालवताना मागच्याला आणि समोरच्याला दोघांना दिसेल असं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "पूर्वी गोंदणावरून जात कळायची, आता संघटना कळते." मेजर हसले नाहीत.

उलट मेजरांनीच ती गोष्ट काढली, जिच्यामुळं सगळे गप्प झाले. पेपरात आतल्या पानावर पोलिसांची छोटी निवेदनं येतात. अनोळखी प्रेत, वय अंदाजे इतकं, उंची इतकी, अंगात अमुक रंगाचा शर्ट, उजव्या हातावर अमुक नाव गोंदलेलं. कित्येकदा नातेवाइकांपर्यंत पोचायला तेवढी एकच ओळ असते. फौजेतही हेच, ते म्हणाले. मावशी एवढंच बोलल्या, "मी मनलं न्हवं? सापडावं मनून." आणि मला वाटलं, यमदूताच्या गोष्टीपेक्षा पोलिसांच्या निवेदनाची गोष्ट जास्त पटण्यासारखी आहे, पण दोन्हींत प्रश्न एकच विचारलाय: तू कुणाचा?

दुखणं थांबावं म्हणून गोंदणारेही असतात. मावशींच्या गावात गुडघा धरला की बिब्ब्याचा डाग देत, काही जण दुखऱ्या सांध्यावर टिंबं गोंदून घेत. हे ऐकून मी आल्प्समधल्या त्या बर्फातल्या माणसाचं सांगितलं. १९९१ मध्ये इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर सापडलेलं ते सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचं प्रेत. त्याच्या अंगावर ६१ गोंदणखुणा मोजल्या आहेत. नुसत्या रेघा आणि फुल्या, आणि पुष्कळशा कंबरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर. जिथं त्याचे सांधे झिजले होते तिथंच. कपड्याखाली झाकलेल्या, म्हणजे दाखवायला नव्हेच. "मंग गुण आला का त्याला?" मावशींनी विचारलं. बाण लागून मेला, म्हटलं. "मंग गुडघ्याचं कळायचं कसं," म्हणाल्या.

पाणी जायची वेळ झाली होती. वहिनींचं शेवटी ठरलं: लेझरला जायचं, पैसे मामाकडून घ्यायचे, बापाला सांगायचं. तिसऱ्या गोष्टीवर त्या अडल्या. तेव्हा धाकटा स्वतः बाहेर आला. मावशींनी त्याला जवळ बोलावलं, बाही वर सारायला लावली आणि दंड निरखून बघितला. नक्षी बरी काढलीय म्हणाल्या. मग हळूच काहीतरी विचारलं. पोरगं कानापर्यंत लाल झालं. मावशींनी आम्हाला अजून काही सांगितलेलं नाही, पुढच्या पाण्याला सांगतील.

लेझरच्या पाच-सहा खेपा धरल्या तरी सहा ते नऊ महिने जातात, आणि त्यानंतरही डाग राहिला तर निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा. भरतीचं वय तोवर थांबत नाही. म्हणून तुमच्या घरात, गल्लीत कुणी पहाटे पळायला जात असेल, तर त्याला भरतीच्या जाहिरातीतला टॅटूचा परिच्छेद आजच वाचायला लावा. लष्कराला चालतं ते कोपराच्या आतून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागं. बीएसएफ-सीआरपीएफला जायचं तर कोपराखालच्या आतल्या बाजूला डावाच हात. बाकी नाव आईचं आहे की आणखी कुणाचं, ते त्या तपासणीत कुणी विचारत नाही.